ग्रामीण नभोवाणी आणि प्रत्युत्तराचा अधिकार : धाराशिव जिल्ह्याच्या सीमेवरून एक विचार

नभोवाणीचा इतिहास सामान्यतः केंद्रांच्या उद्घाटनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ८ जून १९३६ रोजी देशातील सरकारी नभोवाणीस 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी निघाले. अशा नोंदींनी त्या इतिहासाची चौकट उभी राहते. या चौकटीत एक प्रश्न मात्र बसत नाही. केंद्रातून निघालेला शब्द ज्या खेड्यात पोचला, त्या खेड्याला त्यावर काही बोलता आले काय? बोलता आले असल्यास ते कोणत्या भाषेत, कोणाच्या तोंडून, आणि ते बोलणे केंद्रापर्यंत परत गेले काय? स्थानिक आणि सामाजिक प्रश्नांवरील नभोवाणी-चर्चेचा इतिहास वस्तुतः या परतीच्या वाटेचा इतिहास आहे.

या दृष्टीने पाहता धाराशिव जिल्ह्याचे स्थान विशेष उद्बोधक ठरते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून पडलेले 'उस्मानाबाद' हे नाव २०२३ साली अधिकृतपणे बदलून 'धाराशिव' झाले. हा जिल्हा दोन राजकीय परंपरांच्या सीमेवर वसलेला आहे. पश्चिमेस सोलापूर आणि वायव्येस अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) हे जुन्या मुंबई इलाख्यातील जिल्हे. पूर्वेस आणि आग्नेयेस पूर्वीच्या हैदराबाद संस्थानचा प्रदेश. सोलापुराहून नळदुर्ग, उमरगा या मार्गाने हुमनाबाद, जहीराबाद आणि पुढे हैदराबादेस जाणारा महामार्ग या जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. ग्रामीण नभोवाणीतील दोन महत्त्वाचे प्रयोग या जिल्ह्याच्या दोन बाजूंना, वेगवेगळ्या काळात झाले. ते दोन्ही जिल्ह्याच्या बाहेर झाले ही गोष्टच अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे.

१

हैदराबाद शहरात खाजगी प्रयत्नाने सुरू झालेली नभोवाणी १९३५ साली निजाम सरकारने आपल्या ताब्यात घेतली. पुढे औरंगाबाद येथेही संस्थानचे एक केंद्र निघाले. संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड या बहुसंख्य प्रजेच्या भाषा होत्या. मराठी भाषकांचे प्रमाण साधारणतः एक चतुर्थांश होते. तथापि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. संस्थानच्या नभोवाणीवर प्रादेशिक भाषांना काही वेळ मिळत असे. परंतु ज्या भाषेत राज्य बोलते ती एक, आणि ज्या भाषेत रयत आपापसांत बोलते ती दुसरी, हे अंतर त्यामुळे मिटले नाही. उस्मानाबादच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने नभोवाणीचा शब्द हा कचेरीतील शब्दाचाच विस्तार होता.

१९४७-४८ च्या संघर्षात हे स्वरूप अधिक उघड झाले. रझाकार संघटनेचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्याच्या भाषणांची दहशत या भागातील खेड्यांनी अनुभवली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने संस्थानात शिरले, आणि नळदुर्ग हे पहिल्याच दिवशी हाती आलेल्या ठिकाणांपैकी होते. १७ सप्टेंबर रोजी निजामाने स्वतः नभोवाणीवरून युद्धविरामाची घोषणा केली. ज्या यंत्राने राजसत्तेचा आवाज प्रजेपर्यंत नेला, त्याच यंत्राने राजसत्तेचा अंतही कळविला. दोन्ही प्रसंगी प्रजेच्या वाट्यास आले ते केवळ ऐकणे. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही केंद्रे 'ऑल इंडिया रेडिओ'कडे आली. मालक बदलला, परंतु एका बाजूने बोलणे व दुसऱ्या बाजूने ऐकणे, ही रचना लगेच बदलली असे म्हणता येत नाही.

या रचनेवरील टीका नवी नव्हती. जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त याने १९३२ साली असे प्रतिपादन केले होते की, नभोवाणी हे केवळ वाटपाचे साधन राहू नये. श्रोत्याला ऐकविण्याबरोबरच बोलते करण्याची शक्ती तिच्यात आणली पाहिजे. त्या विचाराला प्रत्यक्ष रूप मिळाले ते मात्र कॅनडातील शेतकऱ्यांमध्ये. तेथे १९४१ साली देशव्यापी शेतकरी नभोवाणी-मंडळांची योजना सुरू झाली. शेजाऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, काही ठरवावे आणि आपले म्हणणे केंद्राकडे लिहून पाठवावे, अशी तिची पद्धत होती.

२

हीच पद्धत १९५६ साली महाराष्ट्रात आली. युनेस्को आणि आकाशवाणी यांच्या सहकार्याने पुणे केंद्रावरून फेब्रुवारी ते एप्रिल या दहा आठवड्यांत, आठवड्यातून दोन याप्रमाणे वीस कार्यक्रम प्रक्षेपित झाले. प्रत्येक कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता. मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत त्यासाठी चर्चामंडळे स्थापन करण्यात आली. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक व हिंदीतील नाटककार जगदीशचंद्र माथुर यांचा या योजनेत पुढाकार होता. मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि ते समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. माथुर आणि नॉयराथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. ग्रामीण संज्ञापनाच्या अभ्यासात तो आजही मूलभूत मानला जातो.

या प्रयोगाचे यंत्र साधे होते. गावातील सुमारे वीस जण ठरलेल्या वेळी रेडिओभोवती बसत. कार्यक्रम संपल्यावर चर्चा होई. चर्चा चालविण्यास एक निमंत्रक असे. तो चर्चेचा सारांश, झालेले निर्णय आणि उपस्थित झालेले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवी, आणि त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. केंद्र, गाव आणि पुन्हा केंद्र असे हे वर्तुळ होते. नभोवाणीवरील भाषण हे गावाच्या बैठकीतील पहिले भाषण ठरावे, शेवटचे नव्हे, हे या रचनेमागील तत्त्व होते.

मूल्यमापनात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. ज्या गावांत केवळ रेडिओ होता परंतु चर्चामंडळ नव्हते, त्या गावांपेक्षा चर्चामंडळे असलेल्या गावांत विषयाचे ज्ञान कितीतरी अधिक वाढले. दुसरे असे की, निरक्षर सभासद चर्चेत मागे राहतील अशी जी भीती होती ती खरी ठरली नाही, तेही बोलले. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ज्ञानप्रसाराचे कार्य रेडिओच्या पेटीने एकटीने केले नाही. पेटीभोवती जमलेल्या माणसांनी आपसांत जे बोलणे केले, त्याने ऐकलेल्या शब्दाला गावाच्या व्यवहारात स्थान मिळाले. खत, पीक, जनावरे, आरोग्य अशा विषयांवर ऐकलेले 'आपल्या शिवारात हे जमेल काय' या कसोटीवर तेथल्या तेथे घासून पाहिले जाई.

प्रयोगाच्या पाच जिल्ह्यांपैकी अहमदनगर हा धाराशिव जिल्ह्याचा शेजारी होय. भूम-परांडा भागातील शेतकऱ्याचे शेत, पाऊस, ज्वारी आणि बाजार हे सीमेपलीकडच्या शेतकऱ्यापेक्षा फारसे वेगळे नव्हते. भाषाही मराठीच होती. तरीही हा जिल्हा प्रयोगाच्या बाहेर राहिला, कारण १९५६ च्या वसंतात तो हैदराबाद राज्यात होता. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले ते त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबर रोजी, म्हणजे प्रयोग संपल्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी. ध्वनिलहरींना राज्याची सीमा अडवीत नाही. पुण्याचे प्रक्षेपण सीमेअलीकडे ऐकू येणे शक्य होते. परंतु निमंत्रक, बैठक, अहवालाचा कागद आणि त्याला मिळणारे उत्तर ही सारी प्रशासनाची साखळी सीमेवर थांबत होती. ऐकण्याला सीमा नव्हती, उत्तर देण्याला होती.

३

भाषेच्या अंगानेही या सीमेचा विचार करणे आवश्यक आहे. मुंबई इलाख्यात वाढलेला मराठी श्रोता 'तलाठी', 'मामलेदार', 'कलेक्टर' या शब्दांनी सरकारला ओळखत असे. हैदराबाद संस्थानातील मराठी श्रोत्याच्या तोंडी 'पटवारी', 'गिरदावर', 'तहसीलदार', 'अव्वल तालुकदार' हे शब्द होते. 'मामलेदाराकडे अर्ज करावा' हे पुण्याहून दिलेले मार्गदर्शन मराठीतच होते. तथापि उस्मानाबादच्या खेड्यात त्याचा अर्थ लावण्यास एक जास्तीची पायरी चढावी लागली असती. क्रियापदांची रूपेही निराळी. या भागात 'काय करीत आहेस' असे न विचारता 'काय करायलास' असे विचारतात, आणि उत्तरही 'करायलोय' असे येते. दखनी आणि कन्नड यांच्या दीर्घ सहवासाच्या खुणा येथील बोलीच्या शब्दसंग्रहात व बोलण्याच्या ढबीत पदोपदी आढळतात.

नभोवाणीने खेड्यासाठी जी मराठी घडविली तिच्यात बोलीला जागा होती, पण ती बहुधा पात्राची जागा होती. संवादरूप कार्यक्रमात एक जाणता मनुष्य प्रमाण भाषेत सांगतो आणि एक भोळा गावकरी बोलीत विचारतो, हा साचा परिचयाचा आहे. यात बोली अज्ञानाची खूण बनते. चर्चामंडळाने हा साचा काही प्रमाणात मोडला. तेथे विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही एकाच बोलीत बोलत. जाणतेपण एका व्यक्तीच्या वाट्याचे न राहता ते बैठकीत फिरत राही.

याच ठिकाणी प्रयोगाची एक मर्यादाही दिसून येते. बैठक बोलीत होई, परंतु अहवाल लिहिला जाई प्रमाण मराठीत, आणि तो लिहिणारा गावातील लिहिता-वाचता मनुष्य असे. त्यामुळे गावाचा आवाज केंद्रापर्यंत पोचला तो लेखनिकाच्या भाषेत. अशा अहवालांचा उपयोग करणाऱ्या अभ्यासकाने हे सतत ध्यानात ठेवावयास हवे. 'मंडळाने विहिरीचा निर्णय घेतला' या एका वाक्यामागे किती वादविवाद, किती मौन आणि किती जणांची नुसती मान डोलावणे होते, हे कागदावरून कळत नाही.

मौनाचा प्रश्न सामाजिक दृष्ट्या अधिक गंभीर आहे. चर्चामंडळे बहुतांशी पुरुषांची होती. शिवाय बैठक कोठे भरते यावर तिला कोण येऊ शकतो हे अवलंबून असते. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १ जून १९५५ रोजी अंमलात आला होता. प्रयोगाच्या वेळी त्याला वर्षही पुरे झाले नव्हते. चावडी, देऊळ आणि शाळा या तिन्ही जागा गावातील सर्वांना सारख्याच मोकळ्या होत्या असे गृहीत धरणे इतिहासाला धरून होणार नाही. प्रत्युत्तराचा अधिकार गावाला मिळाला तरी गावातील प्रत्येकाला मिळाला असे ठरत नाही. बी-बियाण्यावर सर्वांसमक्ष बोलणे एक, आणि पाणवठ्यावर, वेठीवर किंवा सालगड्याच्या मजुरीवर बोलणे दुसरे. स्थानिक प्रश्न जेव्हा सामाजिक प्रश्न होतो, तेव्हाच बैठकीची खरी परीक्षा होते.

४

पुण्याच्या यशानंतर नोव्हेंबर १९५९ मध्ये चर्चामंडळांची योजना देशभर लागू करण्यात आली. तोवर उस्मानाबाद मुंबई राज्यात आले होते, आणि १ मे १९६० पासून ते महाराष्ट्रात गेले. १९६८ साली परभणी येथे आकाशवाणीचे केंद्र निघाले व मराठवाड्याच्या ग्रामीण कार्यक्रमांना स्वतःचे ठिकाण मिळाले. मात्र मंडळांची संख्या वाढली त्या मानाने त्यांचा प्राण टिकला नाही. प्रयोगकाळात प्रत्येक मंडळाकडे संघटकांचे लक्ष होते; विस्तारात ते राहिले नाही. सार्वजनिक रेडिओ-संच बिघडे, घटमाला संपे, आणि दुरुस्तीस वेळ लागे. अहवाल पाठवूनही उत्तर आले नाही, तर पुढचा अहवाल कोणी लिहीत नाही. त्यातच ट्रान्झिस्टर आला. रेडिओ चावडीतून घरात आणि घरातून बांधावर गेला. श्रोते वाढले, परंतु एकत्र बसून ऐकण्याचे प्रयोजन संपले. माध्यमाचा प्रसार आणि चर्चेचा ऱ्हास ही दोन्ही एकाच कारणाची फळे होत.

परतीची वाट या जिल्ह्यात पुन्हा निर्माण झाली ती एका आपत्तीमुळे, आणि नभोवाणीच्या बाहेर. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर परिसरात भीषण हानी होऊन दहा हजारांच्या आसपास माणसे मृत्यू पावली. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा जो प्रकल्प राज्य शासनाने हाती घेतला, त्यात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे लोकसहभागाचे काम आले. गावोगाव स्त्रियांची 'संवाद सहायक' म्हणून नेमणूक झाली. भूकंपरोधक बांधकामाची माहिती घरोघरी सांगणे, सभा घेणे आणि लोकांच्या अडचणी अभियंते व अधिकारी यांच्यापर्यंत नेणे, हे त्यांचे काम होते.

हा उपक्रम नभोवाणीचा नव्हे; तथापि चर्चामंडळाच्या इतिहासात त्याची नोंद होणे उचित आहे. १९५६ च्या निमंत्रकाचेच कार्य येथे पुन्हा दिसते : वरून आलेले ज्ञान गावाच्या भाषेत आणणे आणि गावाचा प्रश्न वर नेणे. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की या वेळी बोलणारी व्यक्ती स्त्री होती. ज्या बैठकीत पूर्वी तिला स्थान नव्हते, ती बैठक आता तीच बोलावू लागली. भिंत कशी बांधावी या प्रश्नापासून सुरू झालेले बोलणे घर कोणाच्या नावावर असावे या प्रश्नापर्यंत जाणे स्वाभाविक होते. बांधकामाचा प्रश्न येथे सामाजिक प्रश्नाला जाऊन भिडतो.

५

नभोवाणीच्या क्षेत्रात हा बदल कायद्याच्या वाटेने आला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निर्णय दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा उपयोग लोकहितासाठी झाला पाहिजे. हा निर्णय देणाऱ्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्यानंतर २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना समुदाय नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. २००६ च्या धोरणानुसार केंद्राची प्रक्षेपणशक्ती साधारणतः १०० वॅटपुरती मर्यादित राहिली आणि निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक समुदायाच्या सहभागाने तयार होणे बंधनकारक झाले. देशात अशी केंद्रे २०२४ पर्यंत पाचशेच्या जवळ पोचली.

या धोरणाची पहिली फळे जेथे दिसली ती ठिकाणे धाराशिवच्या अभ्यासकास अर्थपूर्ण वाटतील. २००८ साली सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात म्हसवड येथे 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या सहकारी बँकेभोवती जे काम उभे राहिले, त्याचीच ही शाखा होय. १९५६ च्या प्रयोगातील उत्तर सातारा जिल्हा तो हाच. ज्या मुलखात अर्धशतकापूर्वी गाव पुण्याला प्रश्न लिहून पाठवीत होते, त्या मुलखात आता गावाने स्वतःच प्रक्षेपण हाती घेतले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील जहीराबादजवळच्या माचनूर या खेड्यात 'संघम् रेडिओ'चे प्रक्षेपण सुरू झाले. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीशी संलग्न दलित स्त्रियांनी चालविलेले हे केंद्र; त्याची भाषा तेथील बोलीतील तेलुगू. हा प्रदेश पूर्वी निजामाच्याच राज्यात होता. ज्या राज्यात नभोवाणीचा शब्द कचेरीच्या भाषेत येई, त्याच भूमीवर कोरडवाहू शेतीतील स्त्रियांची बोली प्रक्षेपणाची भाषा झाली. धाराशिव जिल्हा या दोन केंद्रांच्या मधोमध आहे.

समुदाय नभोवाणीने चर्चामंडळाच्या दोन मर्यादा ओलांडल्या. लेखनिक मधून गेला. गावाचा आवाज आता आवाज म्हणूनच पोचतो, त्याचे प्रमाण भाषेत रूपांतर व्हावे लागत नाही. तसेच, स्त्रिया आणि दलित हे चर्चेचे विषय न राहता चर्चेचे चालक झाले. परंतु एक नवी मर्यादाही आली. २००६ च्या धोरणाने बातम्या आणि चालू राजकीय घडामोडी यांवरील कार्यक्रमांस या केंद्रांना मनाई केली. पुढे आकाशवाणीच्या बातम्या पुन्हा प्रक्षेपित करण्याची मुभा मिळाली, तरी स्वतःची बातमी देण्याची नाही. गावातील नळाला पाणी का येत नाही यावर चर्चा करता येते. मात्र तोच प्रश्न ग्रामसभेत विचारला गेला आणि त्यावर वाद झाला, तर ती चर्चा की बातमी? स्थानिक प्रश्न आणि बातमी यांच्यामधील रेषा कायद्यात सरळ दिसते. खेड्यात ती तशी दिसत नाही.

६

येथवरच्या विवेचनातून असे दिसते की, ग्रामीण नभोवाणीच्या प्रत्येक पर्वात यंत्र सुधारत गेले, पण चर्चा टिकली ती उत्तर परत येण्याची खात्री असेपर्यंतच. संस्थानच्या काळात ती खात्री नव्हती. चर्चामंडळांच्या प्रयोगात ती दहा आठवडे होती, आणि तेवढ्या अवधीतही निरक्षर माणसे बोलू लागली. विस्ताराच्या काळात ती खात्री गेली व मंडळे ओस पडली. धाराशिव जिल्ह्याचा अनुभव यात एका गोष्टीची भर घालतो : परतीची वाट प्रशासनाच्या सीमेवर अडते, आणि सीमा पुसली गेल्यानंतरही ती आपोआप तयार होत नाही. ती कोणीतरी माणसाने चालावी लागते. निमंत्रक, संवाद सहायक आणि समुदाय केंद्राची निवेदिका ही त्या माणसाची तीन रूपे आहेत.

म्हणूनच या विषयाच्या पुढील संशोधनात केंद्रांच्या तारखांइतकेच बैठकांना महत्त्व मिळाले पाहिजे. चर्चामंडळात बसलेल्या पिढीतील माणसे आता अतिशय थोडी उरली असतील. भूकंपानंतर सभा घेणाऱ्या स्त्रियांपैकी अनेक जणी मात्र आज सांगू शकतील अशा वयाच्या आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करणे आणि त्या प्रमाण मराठीत उतरविण्याची घाई न करणे, हे भाषाशास्त्र व इतिहास या दोन्ही शाखांचे सामाईक कर्तव्य होय. एकदा लेखनिकाच्या हातून जे निसटले, ते दुसऱ्यांदा संशोधकाच्या हातून निसटू नये.